पहिले पिस्तूल आपली चूक दाखवणारे हवे

कागदी लक्ष्यावर नेम साधण्याच्या छंदासाठी पहिले पिस्तूल कोणते घ्यावे, असे मला वरचेवर विचारले जाते आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते: 9 मिलिमीटरचे, काळेभोर, पडद्यावर शंभरदा पाहिलेले. माझ्याही मनात तेच होते. ते उतरवायला प्रशिक्षकांना जेमतेम दहा मिनिटे लागली.

त्या दिवशी मी सरावासाठी मिळालेले 9 मिलिमीटरचे पिस्तूल घेऊन रेंजवर उभी होते. माझ्या गोळ्या सतत लक्ष्याच्या खाली पडत होत्या आणि साइट (नळीवरची पुढची खूण आणि मागची खाच, जिच्या आधारे नेम धरतात) बिघडली असावी, अशी माझी ठाम समजूत होती. प्रशिक्षकांनी काही न बोलता मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात बसणारी काडतुसांची पेटी, स्वतः भरली आणि खऱ्या काडतुसांमध्ये मधूनच दोन डमी, म्हणजे न उडणारी, काडतुसे सरकवली. तिसऱ्या वेळी मी ट्रिगर ओढला तेव्हा फक्त ‘टक्’ असा आवाज आला, गोळी सुटलीच नाही, आणि तरीही पिस्तुलाचे तोंड माझ्या डोळ्यांदेखत दोन बोटे खाली गेले. धक्का बसणार या धास्तीने माझे मनगट आधीच त्याला तोंड द्यायला निघाले होते; खऱ्या गोळीच्या वेळी हीच हालचाल स्फोटाच्या गडबडीत झाकून जात होती. साइट अगदी ठाकठीक होती.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, पहिले पिस्तूल आपल्या चुका झाकणारे नव्हे तर त्या आपल्याला दाखवून देणारे असावे, आणि बाकीचे सगळे निकष या एका कसोटीनंतर यावेत. (परवाना, वयाची अट, पिस्तूल कुठे ठेवायचे आणि कसे न्यायचे, हे प्रश्न जिथले तिथले कायदे ठरवतात, ते निवडीच्या आधीचे आहेत, नंतरचे नव्हेत.)

या कसोटीवर सर्वांत आधी उतरते ते .22 लाँग रायफल या काडतुसावर चालणारे पिस्तूल (.22 म्हणजे सुमारे 0.22 इंच व्यासाचे). हे काडतूस 1887 पासून वापरात आहे, आणि नावात रायफल असली तरी ते पिस्तुलांतही तितकेच रुळलेले आहे. त्याची नेहमीची गोळी 40 ग्रेन, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅम वजनाची असते. 9 मिलिमीटरची नेहमीची गोळी 115 ग्रेन, म्हणजे जवळजवळ साडेसात ग्रॅम भरते आणि तिच्यामागे दारूही बरीच जास्त असते. त्यामुळे .22 चा धक्का इतका सौम्य असतो की ट्रिगर सुटल्याच्या क्षणी पुढची साइट नेमकी कुठे होती, हे नवख्या माणसालाही दिसू शकते. शिवाय ही काडतुसे स्वस्त असतात, आणि ही गोष्ट वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे, कारण एका दुपारी तीस गोळ्या झाडणारा आणि दोनशे गोळ्या झाडणारा यांची प्रगती सारखी होत नाही.

दुसरा पर्याय 4.5 मिलिमीटरच्या, हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर पिस्तुलाचा. त्याकडे पुष्कळजण खेळणे म्हणून पाहतात, आणि हा गैरसमज ते पिस्तूल पाच मिनिटांत दूर करते. जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा छर्रा तुलनेने संथ वेगाने नळीतून बाहेर पडतो, आणि तेवढ्या अवधीतही हात हलला तर त्याची नोंद कागदावर होते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 10 मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ केवळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते, आणि नेम एका हाताने धरावा लागतो. ज्यांना स्पर्धेची थोडी जरी इच्छा आहे त्यांनी एअर पिस्तुलापासूनच सुरुवात करावी, असे मी सांगेन; ज्यांना खऱ्या काडतुसाचा आवाज आणि गंध यांचेच आकर्षण आहे ते त्यावर फार काळ टिकत नाहीत, हेही मी पाहिले आहे.

पिस्तुलाच्या लांबीचा प्रश्न मला आधी दिखाऊ वाटायचा. एकदा कागदावर हिशेब मांडला आणि मत बदलले. पुढची आणि मागची साइट यांच्यातले अंतर 150 मिलिमीटर असेल आणि नेम धरताना पुढची साइट खाचेच्या मध्यापासून मिलिमीटरच्या दोन दशांशांनी सरकली, तर 10 मीटरवर छर्रा सुमारे 13 मिलिमीटर बाजूला जातो. तेच अंतर 330 मिलिमीटर असेल तर ही चूक 6 मिलिमीटरच्या आसपास राहते. छर्रा वर्तुळाच्या कडेला नुसता टेकला तरी तो गुण धरला जातो, हे लक्षात घेतले तर दुसऱ्या पिस्तुलाचा नेमबाज अजूनही दहात आहे आणि पहिल्याचा बाहेर पडला आहे. खिशात किंवा कमरेला लपावीत म्हणून आखूड केलेली पिस्तुले लक्ष्यवेधासाठी का घेऊ नयेत, याचे याहून सोपे स्पष्टीकरण मला माहीत नाही. ती हलकी असल्याने त्यांचा धक्काही हाताला जास्त जाणवतो.

आता ट्रिगर. माझ्या मते निम्मी निवड इथेच होते. ग्लॉक 17 सारख्या 9 मिलिमीटरच्या पिस्तुलाचे वजन रिकाम्या मॅगझिनसह सुमारे 700 ग्रॅम असते आणि त्याचा ट्रिगर ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो, म्हणजे जी वस्तू स्थिर धरायची तिच्या वजनाच्या साडेतीनपट ताकद एकट्या तर्जनीने लावायची आणि ती वस्तू मात्र केसभरही हलू द्यायची नाही. ते पिस्तूल वाईट नाही. ते मुळात सैनिकांसाठी घडवलेले आहे आणि तिथे जड ट्रिगर हा सुरक्षेचा भाग ठरतो. याउलट 25 मीटरच्या स्पर्धेतील .22 पिस्तुलासाठी ट्रिगरची किमान मर्यादा 1000 ग्रॅम आहे, तर 10 मीटर एअर पिस्तुलासाठी 500 ग्रॅम. नवशिक्याने अगदी किमान मर्यादेवरचा ट्रिगर घेऊ नये, कारण शिस्त अंगी बाणण्याआधी हलका ट्रिगर हातात आला की गोळी आपल्या मनाविरुद्ध सुटते. मात्र ट्रिगर खरखरत, अडखळत मागे येणारा नसावा. तो एका ठरावीक जागी पोहोचून काच तडकावी तसा स्वच्छ सुटावा.

मुठीचा प्रश्न आकड्यांत सांगता येत नाही. माझे हात लहान आहेत, आणि त्या 9 मिलिमीटरच्या पिस्तुलाचा ट्रिगर गाठताना मी नकळत मूठ फिरवून धरत होते, हे मला बऱ्याच उशिरा कळले. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ते हातात धरावे, डोळे मिटून हात लक्ष्याच्या दिशेला उचलावा आणि मग डोळे उघडावेत. साइट आपोआप जवळपास सरळ रेषेत दिसल्या, नळी हाताच्या रेषेत राहिली आणि तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर सहज टेकला, तर ती मूठ आपली. कोणाचीही शिफारस, माझीसुद्धा, या परीक्षेला पर्याय ठरत नाही. म्हणूनच विकत घेण्यापूर्वी निदान तीन-चार वेगवेगळी पिस्तुले रेंजवर चालवून पाहावीत.

रिव्हॉल्व्हर आवडत असेल तर .22 चे जरूर घ्यावे. फक्त प्रत्येक वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढून सराव करायचा आहे, याची तयारी ठेवावी. लाल ठिपक्याची साइट नंतर बसवता येते. रंगाबद्दल मी बोलणार नाही.

साफसफाईबद्दल मात्र बोलायला हवे. .22 चे काडतूस मेणचट आणि काजळी धरणारे असते, त्यामुळे पिस्तूल वरचेवर उघडावे लागते. रुगर या अमेरिकी कंपनीच्या मार्क मालिकेची जुनी .22 पिस्तुले अचूकतेसाठी जितकी नावाजलेली, तितकीच उघडल्यावर पुन्हा जोडताना माणसाला रडवण्यासाठी. 2016 मध्ये आलेल्या मार्क 4 मध्ये मागचे एक बटण दाबले की पिस्तूल मोकळे होते. दुकानात उभे असताना हा तपशील क्षुल्लक वाटतो. शिवाय या काडतुसात ठिणगीचे रसायन तळाच्या कडेत असल्याने ते न पेटण्याचे प्रकार अधूनमधून घडतात. अशा वेळी पिस्तुलाचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून पूर्ण अर्धा मिनिट थांबावे आणि मगच काडतूस बाहेर काढावे.

पिस्तुलासाठी ठरवलेल्या पैशांतून कानांचे आणि डोळ्यांचे संरक्षण, कुलूपबंद पेटी आणि सुरुवातीच्या गोळ्या यांचा खर्च आधी बाजूला काढावा. .22 चा आवाज कानाला लहान वाटतो, परंतु पिस्तुलाच्या आखूड नळीतून तो 140 डेसिबलच्या पुढे जातो आणि त्याने झालेली इजा भरून येत नाही. शिसे हाताला लागते, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

मी शेवटी लांब नळीचे, पोलादी, दिसायला काहीसे जुनाट असे .22 पिस्तूल घेतले. डमी काडतुसांची लहान डबी अजूनही माझ्या पिशवीत असते. महिन्यातून एकदा शेजारच्या कोणाला तरी माझी मॅगझिन भरायला सांगते, आणि पिस्तुलाचे तोंड अजूनही कधीकधी खाली जाते.