टोपीवर 'म'

आमच्या मामे-मावस-चुलत भावंडांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सुप्रभातची फुलं टाकायला सक्त बंदी आहे. तिथे फक्त मारिओ टाकायचा, व्हिडिओ गेममधला तो लाल टोपीचा मिशीवाला. कुठे दिसला तर त्याचा फोटो, बस्स. रिक्षाच्या मागच्या काचेवर, बालवाडीच्या भिंतीवर, लग्नाच्या रुखवतात, कुठेही. दुकानात विकत मिळणारा टी-शर्ट किंवा कंपनीचं खेळणं मात्र चालत नाही. बाजारातून बांगडे आणायचे आणि गळाला लागले म्हणून मिरवायचं, तसं ते होतं. ज्याने मारिओ काढलाय त्याने तो आपल्या हाताने, आपल्या मनाने आणि शक्यतो कुणाला न विचारता काढलेला हवा. नियम कणकवलीच्या दादाने केले आहेत. अपील त्याच्याकडेच करायचं आणि ते फेटाळायचंही त्यानेच, अशी सोय आहे.

या वेडाचं मूळ मालवणजवळच्या आमच्या आजोळी आहे. एका मे महिन्यात मुंबईच्या मामाने येताना टीव्ही गेम आणला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं, त्याची ती स्वस्तातली नक्कल होती, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक की केशरी रंगाची कॅसेट फुंकर मारून आत खुपसायची. कॅसेटवर '९९९९९९ इन १' असं छापलेलं होतं आणि प्रत्यक्षात मोजके खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. पहिला रिमोट दादाकडे. मी वयाने लहान आणि त्यातून मुलगी, त्यामुळे माझ्याकडे कायम दुसरा रिमोट, म्हणजे मी कायम मारिओचा भाऊ लुईजी. मारिओ मरेपर्यंत लुईजीने ओसरीवर बसून आमरसाचे हात चाटायचे. मारिओ मरायला आला की नेमकी लाइट जायची. त्या खेळात प्रगती जपून ठेवायची सोयच नव्हती, त्यामुळे लाइट आली की सगळे पुन्हा पहिल्या स्टेजला, आणि पहिला रिमोट पुन्हा दादाकडे.

आजी माजघरातून विचारायची, "मिशीवालो मेलो काय रे?" मेला म्हटलं की ती जेवायला वाढायला घ्यायची.

आजीला त्याचं नाव शेवटपर्यंत आलं नाही, पण मिशी मात्र पहिल्या दिवशीच लक्षात राहिली होती. १९८१ च्या 'डाँकी काँग' या खेळात तो पहिल्यांदा आला तेव्हा पडद्यावर त्याच्या वाट्याला जेमतेम १६ ठिपक्यांची उंची होती. तेवढ्यात तोंड कुठून काढणार? म्हणून तो खेळ रचणाऱ्या शिगेरू मियामोतोने नाकाखाली मिशी चिकटवली. केस काढायचं टाळायला टोपी घातली. धावताना हात हललेले कळावेत म्हणून सदरा आणि डांगरी वेगवेगळ्या रंगांची केली. नावही आधी नुसतं जंपमॅन होतं. मग अमेरिकेतल्या निन्टेन्डोच्या गोदामाच्या मालकाचं, मारिओ सेगालेचं, नाव त्याला चिकटलं. घरमालकाचं नाव इतकं अजरामर करणारे भाडेकरू विरळाच.

या काटकसरीमुळे झालं असं, की जगातला कितीही वाईट चित्रकार मारिओला बिघडवू शकत नाही. लाल टोपी, मिशी, निळी डांगरी एवढं जमलं की झाला मारिओ. याचा पुरावा मला कुणकेश्वरच्या जत्रेत मिळाला. समुद्राकडच्या बाजूला लहान मुलांचा गोल पाळणा लागला होता आणि त्याच्या वरच्या पत्र्यांवर ऑइलपेंटने चित्रं रंगवलेली होती. मिकी होता, छोटा भीम होता, आणि त्यांच्यामध्ये तो. मिशीला पैलवानासारखा पीळ होता. डांगरीला कोटासारखी चार बटणं होती. हातात मोजे नव्हते, त्याऐवजी मनगटावर घड्याळ होतं. आणि टोपीवरच्या पांढऱ्या गोलात, जिथे इंग्रजी एम असतो तिथे, चांगला ठसठशीत देवनागरी 'म' लिहिलेला, वर शिरोरेघेसकट. पाळणा फिरत होता, त्यामुळे दर फेरीला तो यायचा आणि पुन्हा जायचा. फोटो काढायला मी इतकी तिष्ठले की पाळणेवाला म्हणाला, "ताई, पोर खंयचा तुमचा?"

फोटो पाठवल्यावर ग्रुपवर धुमाकूळ झाला. पुण्याच्या मामेभावाचं म्हणणं, घड्याळ असल्यामुळे बाद. चिपळूणची ताई म्हणाली, तो चित्रकार कधी खेळलेला नसणार, त्याने दुसऱ्या कुठल्या तरी पाळण्यावरचं चित्र बघून काढलंय, म्हणजे ही नकलेची नक्कल. दादाने निकाल दिला की म्हणूनच तो सगळ्यांत वरच्या नंबराचा. मी त्या निकालाशी सहमत आहे. फोटो माझा होता म्हणून नव्हे. बरं, थोडं म्हणूनही.

नकलेच्या नकलेला नाक मुरडायचं तर मूळ मारिओही फार सोवळा नाही. मियामोतोला आधी पॉपाय या कार्टूनमधल्या खलाशावर खेळ करायचा होता. त्यातला दांडगट, नायकाची नाजूक मैत्रीण आणि स्वतः नायक अशी तिघं ठरली होती. पॉपाय वापरायचे हक्क मिळाले नाहीत, तेव्हा दांडगटाचा गोरिला झाला आणि नायकाचा आपला मिशीवाला. मग हा गोरिला आमच्या किंग काँगवरून उचलला, असं म्हणत १९८२ साली युनिव्हर्सल स्टुडिओने निन्टेन्डोला कोर्टात खेचलं, आणि तो स्टुडिओ हरला. कारण किंग काँगची गोष्ट सार्वजनिक आहे, तिच्यावर कुणाची मालकी नाही, असं त्याच स्टुडिओने आधीच्या एका खटल्यात स्वतःच मांडलं होतं. आमच्याकडे बांधावरून चाललेल्या दाव्यांतसुद्धा इतकी मजा नसते.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे रिओ. २०१६ च्या ऑगस्टमधली सोमवारची सकाळ. आपल्याकडे नुकतं उजाडत होतं आणि तिकडे ऑलिंपिकचा समारोप चालला होता. पुढचं यजमानपद टोकियोचं, म्हणून जपानचा कार्यक्रम. मैदानाच्या मधोमध, खेळात मारिओ ज्यातून ये-जा करतो तसला हिरवा पाइप उगवला आणि त्यातून पंतप्रधान शिंझो आबे मारिओच्या वेशात वर आले. ग्रुपवर एकदम सगळ्यांचे मेसेज. मला तर डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. एका देशाचा पंतप्रधान आपल्या ओसरीवरच्या गड्याची टोपी घालून जगासमोर उभा राहतो! दादाने मात्र शांतपणे लिहिलं, "सरकारी मारिओ. कंपनीची परवानगी आसा. चालूचा नाय." तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्याच्या खडूसपणात तथ्य आहे. दहा हजार लोकांनी ओळखावं म्हणून मुद्दाम ठेवलेली गोष्ट ओळखण्यात कसली आलीय हुशारी?

टोकियोचं ऑलिंपिक पुढे वर्षभर लांबलं आणि २०२१ च्या २३ जुलैला सुरू झालं. खेळाडूंच्या संचलनाला जपानी व्हिडिओ गेममधली धून वाजली. जगभरच्या चाहत्यांनी एकेक तुकडा ओळखून काढला. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी मारिओचं नावही निघालं नाही. आदल्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं होतं आणि ताईचा फोन लागत नव्हता. फार नंतर कधीतरी आम्ही ते संचलन पाहिलं, तेव्हा कळलं की त्यात 'ड्रॅगन क्वेस्ट' होता, 'फायनल फँटसी' होता, सॉनिकसुद्धा होता, पण मारिओची धून नव्हतीच. ताई म्हणाली, "बरा झाला, माझा काय चुकला नाय."

धुनेवरून आठवलं. माझ्या मते आजवर सापडलेला सगळ्यांत अस्सल मारिओ दिसणारा नव्हताच, ऐकू येणारा होता. डबलबारी म्हणजे काय ते सिंधुदुर्गाबाहेरच्यांना सांगावं लागेल: दोन बुवा, दोन भजनी मंडळं, आणि रात्रभर भजनातून एकमेकांची उतरवणं. गजराला सिनेमातल्या चाली लावण्यात कुणालाच वावगं वाटत नाही. त्या रात्री एक बुवा तिशी-पस्तिशीतला होता. समोरच्या बुवांचा अभंग एका जागी अडखळला, पखवाज पुढे गेला आणि शब्द मागे राहिले. माणसं हसू दाबत होती. तेवढ्यात आमच्या तरुण बुवाने पेटीवर, अगदी सहज बोटं फिरवल्यासारखी, मारिओचा जीव गेल्यावर वाजते ती घसरगुंडी वाजवली.

मंडपात पुढे बसलेल्या जाणत्यांना वाटलं, पेटी लावतोय. मागे उभ्या असलेल्या आमच्या वयाच्या माणसांत मात्र हशाचे पाच-सहा फटाके वेगवेगळ्या कोपऱ्यांत फुटले. मी मान वळवली, तर माडाला टेकून उभा असलेला एक अनोळखी गृहस्थ, हातात हेल्मेट, माझ्याकडेच बघत होता. त्याने एक बोट वर केलं. मीही केलं. ओळख ना पाळख, पण याच्याही घरी लाइट जायची हे मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं.

पुढे तर बुवा सुटलाच. कुणी पेटीवर बक्षिसाची नोट ठेवली की तो दोनच सूर वाजवायचा, नी आणि वरचा ग. नाणं मिळाल्याचा आवाज! शंभर नाणी झाली की एक जीव वाढतो, हे ठाऊक असलेले लोक मग दहा-दहाच्या नोटा घेऊन उगाच पुढे जाऊ लागले. शेवटी गजर संपवताना ग ग ग, सा ग प आणि खालचा प, असे मारिओच्या मुख्य धुनेचे ते सात सूर आले तेव्हा तर ढोलकीवाल्यानेही मान डोलावली. कोजी कोंदोने १९८५ साली रचलेली ती चाल २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला तो मान पहिल्यांदाच मिळाला. आमच्याकडे तिला गजरात जागा मिळाली. माझ्या लेखी सन्मान सारख्याच तोलाचे.

एकदा ही नजर बसली की नसलेलंही दिसू लागतं, हा या छंदाचा जुना रोग. मामेभावाला प्रत्येक हिरव्या पाइपात वाट दिसते. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवली की कुणीतरी फोटो टाकतंच. लहानपणी मी, जे खाऊन मारिओ मोठा होतो ते लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेलं मशरूम शोधत परसात हिंडत होते, तेव्हा आजीने कान पकडला होता. "रंगीत अळमी खाल्लंस तर मोठी होवचंस नाय, आडवी होतलंस." तसल्या लाल-पांढऱ्या अळंब्या परदेशात खरोखर असतात आणि विषारी असतात. आजी न खेळताच बरोबर होती.

आणि या नादात जे खरोखर तिथे होतं ते आमच्या डोळ्यांसमोरून निसटत होतं. १९८८ च्या तिसऱ्या 'सुपर मारिओ'मध्ये एक पान मिळतं. पान लागलं की मारिओला कान आणि शेपूट फुटते. आम्हाला वाटायचं, खेळ करणाऱ्याला काहीही सुचतं. जपानी पोरांना मात्र यात सुचण्यासारखं काही नव्हतं. तिकडच्या लोककथांत तानुकी नावाचा लबाड प्राणी डोक्यावर पान ठेवून रूप बदलतो, हे त्यांनी आजीकडूनच ऐकलेलं. त्याच खेळात एक भलामोठा हिरवा बूट आहे. मारिओ त्यात शिरतो आणि टुणटुण उड्या मारत काट्यांवरूनही जातो. अख्ख्या खेळात तो एकाच स्टेजला मिळतो. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा दादा ओरडला होता, "वेतोबाचो जोडो!"

आरवलीच्या वेतोबाला नवस फेडायला केळ्यांचा घड देतात आणि चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात. रात्री देव त्या घालून गावाची राखण करत फिरतो आणि म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. आमच्या घरात त्या बुटाला दुसरं नाव कधी पडलंच नाही. देवाचा जोडा म्हणून तो मिळाला की आधी नमस्कार, मग उडी. मियामोतोला हे कुणी कळवायला हवं होतं.

ते पहिलं 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या ४० किलोबाइटचं होतं. जागा वाचवायला त्यात ढग आणि झुडूप यांना एकच आकार वापरलाय, नुसता रंग बदलून. आमच्या ग्रुपवर येणारा एकेक फोटो त्या अख्ख्या खेळापेक्षा जड असतो, आणि फोनमधली जागा संपली की सगळे मारिओलाच शिव्या घालतात.

गेल्या मे महिन्यात दादाच्या मुलाला ग्रुपवर घेतलं. पोरगा बारा वर्षांचा, मारिओ त्याला सिनेमातून माहीत. त्याचा जीव 'माइनक्राफ्ट' या चौकोनी ठोकळ्यांच्या खेळात. आल्या आल्या त्याने एक फोटो टाकला. चिरेखाण. जांभा दगड मशीनने कापून काढलेला, लालभडक जमिनीत सरळसोट चौकोनी पायऱ्या, कोपऱ्यात चिऱ्यांची चौकोनी थप्पी, तळाला साचलेलं हिरवट पाणी तेही चौकोनी. खाली लिहिलं, "हे कोणी बनवलं?"

आमच्यापैकी कुणाला काही कळेना. आयुष्यभर त्या खाणींवरून जातोय. मग त्याने शेजारी खेळातलं चित्र टाकलं आणि ग्रुप बराच वेळ गप्प झाला. मामेभाऊ म्हणाला, नियमात बसत नाही, मारिओ नाही. ताई म्हणाली, कुणी मुद्दाम काढलेलं नाही, म्हणजे आपलं पाइपासारखंच झालं. पोरगा हटेना. त्याचं म्हणणं, खाणवाल्याच्या घरी मुलगा असेल आणि तो खेळत असेल, तर?

दादाचा निकाल यायला संध्याकाळ झाली. "फाल्यां चिऱ्याचो ट्रक सांगूचो आसा. इचारून सांगतंय."