जिना झाडायचा आठवडा

१९ जून २०२४, श्टुटगार्ट

आज ऑफिसातून तीनलाच सटकले. सहाला युरो फुटबॉल स्पर्धेतला जर्मनी-हंगेरी सामना, स्टेडियम आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर, म्हणजे चारनंतर आमच्या कानश्टाट भागात पाय ठेवायला जागा नसणार. तरी अडकलेच. ट्राममध्ये हंगेरीचे लाल शर्टवाले छतावर हात आपटत गात होते, डबा डुलत होता, आणि ड्रायव्हर माइकवरून विनवत होता की दार बंद होत नाहीये, जरा आत सरका.

डोंबिवलीत वाढलेल्या बाईला गर्दीचं काय कौतुक! खांदा कसा घालायचा, पर्स पोटाशी कशी धरायची, दोन स्टेशनं आधीच दाराकडे कसं सरकायचं, हे अंगात मुरलंय. पण आमची गर्दी कुठेतरी पोचायला निघालेली असते. ही गर्दी नुसती गर्दी व्हायला आलेली. त्यामुळे कोपर लागलं की समोरचा हसतो. मी मात्र सवयीने डोळे वटारले. बिचारा 'सॉरी, सॉरी' करत राहिला.

सामना घरीच पाहिला. आधी खिडकीतून आरोळी यायची, मग टीव्हीवर गोल दिसायचा. २-०. पहिला मुसियालाचा, तो याच शहरात जन्मला, वडिलांकडून नायजेरियन. दुसरा कर्णधार ग्युंडोआनचा, तो गेल्झनकिर्शनच्या तुर्की घरातला. याच महिन्याच्या सुरुवातीला इथल्या एका वाहिनीच्या पाहणीत २१ टक्के लोक म्हणाले होते की संघात गोरे खेळाडू जास्त असते तर बरं झालं असतं. प्रशिक्षक नागल्समन भडकला होता. हा प्रश्नच वंशवादी आहे, असं त्याने सुनावलं. त्या २१ टक्क्यांतले किती जण आज रस्त्यात मुसियालाच्या नावाने ओरडत होते, याची पाहणी कोणी करायचं नाही.

२४ जून

स्पर्धेचा संचालक फिलिप लाम शुक्रवारी ड्युसेलडॉर्फच्या सामन्याला उशिरा पोचला. गाडी लेट. २००६च्या विश्वचषकातला पहिला गोल ज्याने मारला, तोच हा लाम. ऑफिसात ही बातमी लोकांनी एकमेकांना पेढे वाटावेत तशी पाठवली.

देश मोडकळीला आलाय हे सांगताना इथल्या माणसाच्या चेहऱ्यावर समाधान असतं. या भागात त्याला खास शब्द आहे, ब्रुडलन. कुणाला उद्देशून नाही, उपाय नको, नुसतं तोंडातल्या तोंडात कुरकुरायचं. आणि ऐवज भरपूर आहे. आमचं मुख्य स्टेशन जमिनीखाली न्यायचं काम २०१० साली सुरू झालं. २००९च्या करारातले साडेचार अब्ज युरो आता अकरा अब्जांच्या पुढे गेलेत. उघडणार कधी? डिसेंबर २०२६ म्हणतात, आणि म्हणणाराही मान हलवून हसतो. तोवर फलाटावरून गावात यायला खड्ड्याला वळसा घालून चालायचं. काल स्कॉटलंडवाले किल्ट घालून त्या वळशातूनच गेले, गात गात. रात्री हरले, तेही शंभराव्या मिनिटाला.

आज खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या. रेल्वे, पूल, शाळा, डॉक्टरची वेळ न मिळणं, सगळं पाच मिनिटांत झालं. मलाही चेव आला. म्हटलं, हो ना, गेल्या आठवड्यात माझी गाडी दोनदा रद्द झाली, याला काय अर्थ आहे!

आजींचा चेहरा एकदम बंद झाला. "का हो, तुमच्याकडे भारतात गाड्या वेळेवर धावतात?"

मी पिशवी उचलून वर आले. नऊ वर्षं कर भरतेय या देशात. कुरकुर मात्र अजून त्यांचीच.

२७ जून

नागरिकत्वाचा नवा कायदा आजपासून लागू. आठ वर्षांऐवजी पाच वर्षं राहिलं की अर्ज करता येतो, आणि जर्मनीच्या बाजूने आता जुना पासपोर्ट ठेवायला हरकत नाही. ऑफिसातल्या तुर्की मैत्रिणीने केक आणला होता. तिचे आजोबा १९६१च्या करारानंतर कामगार म्हणून आलेले, जन्मभर तुर्की पासपोर्टवरच राहिले. ती म्हणाली, आता वडील तरी अर्ज करतील.

आमचं काय? जर्मनी चालेल म्हणते, पण भारत दोन नागरिकत्वं मानत नाही. निळं पुस्तक परत करायचं आणि ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, समाधान मानायचं. नवरा म्हणतो, भावनिक होऊ नकोस, रांगेतून सुटका होईल. त्याचं बरोबर आहे. रात्री फॉर्म उघडला, जन्मगाव लिहिलं आणि मिटला. ९ जूनच्या युरोपीय निवडणुकीत इथला उजवा टोकाचा पक्ष १५.९ टक्के मतं घेऊन दुसरा आला. हे लोक आले म्हणून पासपोर्ट घ्यावा की हे लोक आले म्हणून घेऊ नये, यावर आमच्या महाराष्ट्र मंडळात गेल्या रविवारी दोन तट पडले. मिसळ थंड झाली.

४ जुलै

दुपारी साडेतीनला भावाचा व्हिडिओ कॉल. मरीन ड्राइव्ह. टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या संघाची मिरवणूक, आणि समोर रस्ता नाहीच, माणसांचा समुद्र. पाऊस, भेळ, झेंडे. विमान उशिरा आलं, म्हणून बसही उशिरा. हा पठ्ठ्या एका पायात चप्पल घालून उभा. दुसरी गेली म्हणे अरबी समुद्राला. "ताई, आत्ता ॲम्ब्युलन्स आली नि लोक असे फाटले, बघायला हवं होतंस!"

मला मात्र पोटात गोळा आला. एल्फिन्स्टन रोडचा पूल आठवला, २९ सप्टेंबर २०१७. २३ माणसं गेली, सकाळी कामावर निघालेली. आणि मग, इथे राहून राहून, ड्युइसबुर्ग. २४ जुलै २०१०, लव्ह परेड नावाचा संगीत महोत्सव. आत जायचा आणि बाहेर यायचा रस्ता एकाच बोगद्यातून, मधल्या उतारावर चेंगरून २१ तरुण मेले. त्यावर खटला चालला तो २०२० मध्ये निकालाविना बंद पडला. कोणालाही शिक्षा नाही. शिस्तीचा देश! माणसं काही गर्दीने मरत नाहीत. जिना अरुंद ठेवतात, दार एकच ठेवतात, आणि मग कागदावर सगळं व्यवस्थित असतं.

पण भावाला मी यातलं काही नीट सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, काय बेशिस्त कारभार आहे, बॅरिकेड नाही, काही नाही, निघ तिथून.

"ताई, तू आता तिकडची झालीस. लांबून शिस्त शिकवू नकोस." मागे कोणीतरी 'गणपती बाप्पा' ओरडलं आणि फोन कटला.

म्हणजे इथूनही गप्प आणि तिथूनही गप्प. आईचा रात्री मेसेज आला, पोचला घरी, अनवाणी.

५ जुलै, रात्री

जर्मनीचा सामना स्पेनशी. आमच्याच गावात. सकाळपासून पिवळे-लाल आणि पांढरे शर्ट गल्लीत मिसळलेले. एक स्पॅनिश कुटुंब आमच्या पायऱ्यांवर बसून डबे उघडून जेवलं. लेकीने त्यांच्या मुलाला स्वतःची चॉकलेटची वडी दिली आणि घरात येऊन जाहीर केलं, "पण आम्हीच जिंकणार." आम्ही. सात वर्षांची आहे. तिला फॉर्म भरायची गरज वाटत नाही.

८९व्या मिनिटाला जर्मनीच्या व्हिर्ट्सचा बरोबरीचा गोल झाला तेव्हा वरच्या मजल्यावरून भांडं पडल्याचा आवाज आला. जादा वेळेत मुसियालाचा फटका स्पेनच्या कुकुरेयाच्या हाताला लागला, पेनल्टी नाही. मी सोफ्यावरून उठून पंचाला अशी काही मराठी ऐकवली की नवऱ्याने लेकीचे कान झाकले. मग ११९व्या मिनिटाला स्पेनच्या मेरिनोचा गोल. संपलं. खिडकीबाहेर जी शांतता पडली ती मी या शहरात रविवारीसुद्धा ऐकलेली नाही. नंतर पावलं. हजारो पावलं, कोणी बोलत नाही. आपल्याकडे हरल्यावर कोणीतरी मोठ्याने कर्णधाराची आई-बहीण काढतं. इथे लोक काचेच्या बाटल्या हळूच, कोणाला लागू नये अशा कडेला ठेवत होते. हळूच ठेवलेल्या त्यातल्या बऱ्याच आमच्याच दारात राहिल्या.

६ जुलै

सकाळी दाराला पाटी लटकलेली. या आठवड्यात जिना आणि दर्शनी पायऱ्या झाडायची पाळी आमची. इथला जुना रिवाज, पाटी एका दारावरून दुसऱ्या दारावर जाते आणि पुढच्याच्या कामावर मागच्याची नजर असते. या भागातल्या स्वाबियन लोकांत म्हण आहे, रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं.

पायऱ्यांवर बियरच्या अकरा बाटल्या. दुकानात परत केल्यावर बाटलीमागे आठ सेंटच्या हिशेबाने ८८ सेंट, ते लेकीचे ठरले. स्वयंपाकघरात रेडिओवर नागल्समन, आवाज रडवेला. देशाचं चित्र सारखं काळं का रंगवता, शेजारी कुंपण छाटत असेल तर जाऊन हात लावा, लवकर होईल, असं काहीसं.

आजी दारात आल्या, हातात कॉफी. कालच्या पंचावरून सुरुवात झाली, तिथून रेल्वे, तिथून नातू. तो नर्स आहे, झुरिकला चाललाय. तिथे पगार जास्त, गाड्या वेळेवर. देश सोडणारे जर्मन सगळ्यात जास्त तिकडेच जातात. "इथे आहेच काय," त्या म्हणाल्या. मी गप्प. एकदा तोंड भाजलंय. पण ओल्या फडक्याने कोपरा पुसता पुसता तोंडातून निघूनच गेलं, की तो हात होता आजी, सरळ सरळ हात होता, आणि अकरा अब्जांत मला एक धड फलाट मिळू नये?

आजींनी कॉफीचा घोट घेतला. पायऱ्या वरून खालपर्यंत पाहिल्या, कोपराही वाकून पाहिला. काही बोलल्या नाहीत. आत गेल्या.