हुश्श

कोपरखैरण्यातल्या एका दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून बसते. आजूबाजूला माथाडी वस्ती असल्यामुळे तुर्भ्याच्या मार्केटमधली माणसं कायम येतात, पण खांदा, कंबर, गुडघे दाखवायला. माझ्या खोलीकडे सहसा कुणी वळत नाही. डॉक्टरांनी कांदा-बटाटा मार्केटच्या एका मुकादमांना माझ्याकडे पाठवलं, तेव्हा तेही खुर्चीच्या कडेलाच बसले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट, सगळं नॉर्मल. तरी पहाटे गाड्या लागल्या की छातीवर दाब, हाताला मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी.

“रिपोर्ट चांगले आले म्हणजे मी नाटक करतोय का, ताई?”

नाटक नव्हतंच. भीतीने श्वास जलद झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको इतका कमी होतो. मुंग्या, चक्कर, छाती आवळणं हे त्यातून होऊ शकतं. मग वाटतं अटॅकच आला, आणि श्वास आणखी वाढतो. हे कागदावर काढून दाखवलं, तसे ते खुर्चीला टेकले.

मी विचारलं, गोणी उचलताना श्वासाचं काय करता? ते उठले, गुडघ्यांत वाकले, हात मानेमागे नेले, नसलेली पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतली आणि चार पावलं चालून थप्पीला लावली. टाकताना तोंडातून लांब ‘हुश्श’ निघालं.

“हाच श्वास हवाय,” मी म्हटलं, “गोणीशिवाय. घ्यायला कमी वेळ, सोडायला जास्त.” संथपणे, लांबवून श्वास सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात. पुस्तकी भाषेत मी हे इतकं नेमकं कधीच सांगू शकले नसते.

पण श्वासाने लेकीची फी भरली जात नाही. ताणावर बोलताना ‘शांत राहा’ एवढ्यावरच थांबणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी 1984 सालीच मांडून ठेवलंय की ताणाला दोन अंगांनी भिडावं लागतं: जे बदलता येतं त्याच्यासाठी हालचाल, आणि जे बदलत नाही त्याच्यासाठी मनाची मशागत. केसपेपरच्या मागे आम्ही यादी केली. लेकीची फी, हमालांच्या टोळीतल्या मजुरीच्या वाटणीवरून भांडण, दुखरा खांदा, पाटणला भावाशी जमिनीची केस. फीचे हप्ते मागता येतील, वाटणी वहीत लिहिता येईल. कोर्टाची तारीख मात्र त्यांच्या हातात नव्हती.

खांद्यापाशी आम्ही अडलो. “मुकादमानं दमायचं नसतं, ताई.”

“टोळीतल्या पोराचा खांदा दुखला तर काय म्हणता?”

“म्हणतो, बस बाजूला, आज तू पावत्या बघ.”

“आणि स्वतःला?”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात मांडलेल्या उपचारपद्धतीचा गाभा इथेच आहे: ‘असं झालं तर बरं’ या इच्छेचा ‘असं झालंच पाहिजे’ असा हट्ट झाला की माणूस चिरडला जातो. हा सिद्धांत मी त्यांना सांगितला नाही. नवं वाक्य त्यांनीच तयार केलं: “दमू नये असं वाटतं, पण दमलो म्हणून मुकादमकी जात नाही.” ते त्यांनी मला लिहून घ्यायला लावलं आणि कागद खिशात ठेवला.

जमिनीच्या केससाठी चिंतेची वेळ ठरवली. दुपारी चार वाजता, पंधरा मिनिटं, हातात वही. एरवी विचार आला तर त्याला चारची वेळ द्यायची. हे ऐकून ते मोकळेपणाने हसले. “म्हणजे आता तारीख मी देणार!”

निघताना दारातून परत फिरले. टोळीतला एक पोरगा रात्र-रात्र झोपत नाही, त्याला आणू का, म्हणाले. मी त्याला बुधवारची वेळ दिली. तोवर कधीही जड वाटलं तर फोन करायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून दिला. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. नंबर त्यांनी लगेच स्वतःच्या मोबाइलमध्येही सेव्ह केला.