वाघिणीला रस्ता द्या

शनिवार-रविवार धरून ताडोबाला जायचं ठरलं आणि आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर पहिला प्रश्न पडला, "वाघ नक्की दिसेल ना?" मी वरोऱ्याचा. ताडोबाच्या वाटा आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे बेत आखायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. मी एकच अट घातली. गाईडच्या मागे "वाघ दाखवा, वाघ दाखवा" असा लकडा लावायचा नाही.

या अटीमागे कारण आहे. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, मोबाइल नेता येत नाही, तरी समोरासमोर आलेल्या सफारीच्या दोन जिप्सी थांबल्या की बातमी लगेच पसरते. मग पाणवठ्याजवळ गाड्यांची रांग लागते, मागची पुढे घुसायला बघते आणि वाघ मध्ये अडकतो. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसह दोन्ही बाजूंनी अडवून धरलं होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या दिवशी दोष फक्त गाईड-चालकांवर ढकलला गेला असेल, तर ते मला पटणार नाही. मागच्या सीटवरून "अजून जवळ घ्या ना" म्हणणारे आपणच असतो.

एप्रिलचा मध्य होता. पुण्याची मंडळी नागपूरला उतरली, आणि आम्ही उमरेड, भिसी, चिमूर करत कोलारा गेटकडे निघालो. चिमूरच्या पुढे मोहाची झाडं सुरू झाली. खाली पिवळसर फुलांचा सडा आणि टोपल्या घेऊन वेचणाऱ्या बाया. मोह पहाटे गळतो, म्हणून वेचायलाही पहाटेच जावं लागतं, आणि वाघाची फिरायची वेळही तीच. वाकून वेचणारं माणूस झुडपाआडून त्याला माणूस वाटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात माणसं दगावतात त्यातली कितीतरी अशी, मोहाच्या आणि तेंदूपानांच्या हंगामात. आम्ही हौसेनं पैसे मोजून ज्याला बघायला निघालो होतो, त्याच्या भीतीतच या बाया रोज कामाला निघतात. हे मित्रांना सांगितल्यावर गाडीत बराच वेळ कुणी वाघाचा विषय काढला नाही.

शनिवारी दुपारची फेरी. उन्हाने डोकं भणभणत होतं, सगळ्यांनी ओले दुपट्टे गुंडाळलेले. आमच्या गाईड जवळच्याच गावातल्या ताई. जामणीच्या गवताळ माळावर गाडी थांबवून त्या म्हणाल्या, "इथं गाव होतं, दादा. माझ्या मावशीचं घर त्या चिंचेजवळ होतं." जामणी गाव कोअरबाहेर नेलं, आणि आता तिथे चितळांचे कळप चरतात. ताईंच्या बोलण्यात तक्रार नव्हती आणि कौतुकही नव्हतं. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर होतं. पुढे १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. आजचा कोअर ६२५ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. हे आकडे मी शाळेपासून ऐकत आलोय, पण त्यांच्या आत कुणाच्या मावशीचं घर होतं हे त्या चिंचेकडे बघताना कळलं.

पुढे एका पाणवठ्यावर आम्ही ठरवून थांबलो. दोन जिप्सी आल्या, "काय आहे?" विचारलं, "काही नाही" ऐकून निघून गेल्या. इंजिन बंद. कुसुमाच्या कोवळ्या लाल पालवीवर हळद्या ओरडत होता. साधारण अर्ध्या तासाने सांबराची मादी पाण्याजवळ आली, पुढचा पाय उचलून तशीच थबकली, शेपूट ताठ. आणि पलीकडच्या बांबूतून शीळ आली. पक्ष्याची वाटावी अशी.

"कोळसून," ताई कुजबुजल्या. रानकुत्रे. काही जण ढोल म्हणतात. तांबूस अंगाचे, काळ्या झुपकेदार शेपटीचे, एकामागून एक असे आठ-नऊ बाहेर आले. सांबर सरळ खोल पाण्यात शिरली, कारण पाण्यात तिचे लांब पाय टेकतात आणि कुत्र्यांना पोहावं लागतं. काठावर ते मागेपुढे येरझाऱ्या घालत होते, शीळ घालून एकमेकांना सांगत होते. एकाने पाण्यात उडी टाकली आणि परत फिरला. शेवटी ते पोट पाण्यात टेकवून थंड होत बसले आणि सांबर मधोमध तशीच उभी. आमची वेळ संपली तेव्हाही ती उभी होती. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत वाघाइतकाच ढोलही संकटग्रस्त आहे, पण त्याच्यासाठी कुणी गाड्या पळवत नाही. माझ्या मते त्या दोन दिवसांतलं सर्वात मोठं दर्शन ते होतं.

रविवारी पहाटे साडेपाचला गेट उघडलं. थोडं आत गेल्यावर धोक्याचा इशारा देत वानर खकरायला लागलं. मग चितळ. ताईंनी हात वर केला, "थांबा. सांबर बोलू द्या." चितळ कशालाही घाबरतं, सांबर मात्र उगाच ओरडत नाही. मग आलाच, तो एकच दणदणीत पोंक, आणि चालकाने गाडी हळूहळू त्या बाजूला घेतली.

वाघीण रस्त्यावरूनच चालत येत होती, आमच्याच दिशेने. मऊ धुळीत तळवे टेकायला बरं पडतं म्हणून वाघ अनेकदा रस्ताच धरतात. तिच्या मागे दोन जिप्सी होत्या, पुढे आम्ही. म्हणजे अडवणूक होण्याची वेळ होतीच. ताई एवढंच म्हणाल्या, "तिले रस्ता द्या." चालक रिव्हर्समध्ये बराच मागे गेला, एका फाट्याशी आत वळला आणि इंजिन बंद केलं. आमच्यातल्या फोटोवाल्याच्या लेन्ससमोर नुसती झुडपं आली. तो एक अक्षर बोलला नाही, हे मी विसरणार नाही.

ती आरामात पुढे आली. शेपूट उचलून एका ऐनाच्या बुंध्यावर फवारा मारला, वास घेतला, चेहरा आक्रसला. आमच्याकडे एकदा बघितलं आणि बांबूत शिरली. ती गेल्यावर हवेत शिजत्या बासमतीसारखा वास आला. मला वाटलं मीच कल्पना करतोय, पण बाकीच्यांनाही आला. वाघाच्या खुणेच्या फवाऱ्यात आणि बासमतीत सुगंधाचं एकच रसायन असतं. हे मी वाचलं होतं, हुंगलं त्या दिवशी.

गेटवर परतल्यावर आम्ही अभिप्रायाची वही मागून घेतली आणि चालकाने वाघिणीसाठी गाडी मागे घेतली हे सविस्तर लिहिलं. टिपही त्याबद्दलच दिली, आणि कशाबद्दल देतोय ते त्याला तोंडावर सांगितलं. वाघ जवळून दाखवल्याचेच पैसे मिळत राहिले तर बिचारा चालक गाडी मागे का घेईल?

तुम्ही जाणार असाल तर मंगळवार टाळा, ताडोबा बंद असतो. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, कोअरही बंद. कपडे मातकट रंगाचे घ्या, सुती दुपट्टा आणि भरपूर पाणी घ्या. आणि जिप्सीत बसल्याबरोबर गाईडला सांगून टाका की एका पाणवठ्यावर तासभर थांबलो तरी आमची ना नाही. आमच्या ताईंचा चेहरा हे ऐकून खुलला होता.