येऊरचा चढ

रविवार, रात्री

यंदाच्या थंडीत २०० ची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राईड, करायचीच, हे आता पक्कं. २०० किलोमीटर सायकल, साडेतेरा तासांत. पहिला-दुसरा नंबर नसतो, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, वेळेत पोचायचं, ब्रेव्हे कार्डावर नोंद करायची, पुढे निघायचं. वाटेत पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं. मग ३००, ४०० आणि ६०० च्या; ६०० ला ४० तास. त्याहून वर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, दर चार वर्षांनी, १२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तासांत. ते फार लांबचं आहे, पण मनात आहे.

ठाण्यात चढाच्या सरावाला येऊरसारखी जागा नाही. आज पावसाने सकाळी उघडीप दिली, तशी भाच्याला घेऊन निघाले. उपवन तलाव मागे टाकला की चढ सुरू होतो. सगळ्यात हलका गिअर लावला तरी मांड्या भरून आल्या, घाम भुवईवरून चष्म्याच्या काचेवर टपकत होता. तेवढ्यात झाडीतून शीळकरी कस्तुराची शीळ आली, अगदी माणसाने रमतगमत घालावी तशी. मागून भाचा ओरडला, "मावशी, ऐकलंस?" घरी चार हाका मारल्याशिवाय हा मोबाईलमधून मान वर काढत नाही. आज धापा टाकतानाही पक्षी आधी त्याला ऐकू आला. इतकं बरं वाटलं मला!

मोबाईल कमी कर, असं त्याला सगळेच सांगतात. पण नुसता काढून घेतला तर तो रिकामा वेळ पोराने घालवायचा कुठे? दुपारभर रील्स बघितले की रात्री त्यातलं एकही धड आठवत नाही, माझंही तसंच होतं. येऊरचं मात्र वळण न् वळण डोळ्यांसमोर आहे. कुठे खडी सुटलीय, कुठे ओहोळ रस्त्यावर आलाय, कुठल्या वळणावर पाय बोलायला लागले. तास तेवढेच गेले, पण हे माझ्यापाशी राहिले. मला ब्रेव्हेची ओढ आहे ती यासाठी. तेरा तास असे सलग जगायला मिळतील.

येऊर हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग, बिबट्यांचं घर. तिथे स्पीकर लावून जाणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आम्ही उजाडल्यावर जातो आणि ऊन चढायच्या आत परततो.

भाच्याला आता घोडबंदर रोडने लांब जायचंय. इतक्यात नाही नेणार, ट्रेलर फार असतात तिथे. आधी त्याने मागचं चाक काढून ट्यूब बदलायला शिकायचं. उद्या शाळेतून आला की बसतोच आम्ही दोघं सायकल उलटी करून.