आमची वाटचाल : मापाच्या ब्लाउजपासून मापाच्या कार्डापर्यंत

दुकान सुरू झालं ते साडीला फॉल-पिको आणि साध्या ब्लाउजवर. तेव्हा अंगावर टेप लावायची वेळच यायची नाही. बायका मापाचा जुना ब्लाउज पिशवीतून आणायच्या, त्यावरून नवा बेतायचा. काम झटपट होतं, पण जुन्यातली खोट नव्यात जशीच्या तशी उतरते. शिवाय तो ब्लाउज दोनदा उसवलेला, एकदा आत घेतलेला. अंगाचं माप आज काय आहे हे तो सांगूच शकत नाही. म्हणून अंगावरून मापं घेणं सुरू केलं आणि प्रत्येकीचं कार्ड ठेवायला लागलो.

छाती, कंबर आणि सीट (नितंबांचा घेर) या तीन घेरांवरून ठेवणीचा ढोबळ अंदाज येतो. सीट छातीपेक्षा 2 इंचांहून जास्त असेल तर खालचा भाग भारी, उलट असेल तर वरचा. दोन्ही जवळपास सारखे आणि कंबर 9-10 इंचांनी बारीक असेल तर कमरेत बसणारे कपडे खुलतात. फरक बराच कमी असेल तर ठेवण सरळ. मासिकं यांनाच फळांची नावं देतात. कात्री हातात घेतली की त्या नावांचा फारसा उपयोग नसतो, कारण घेर किती हे कळलं तरी तो कुठे आहे हे कळत नाही.

समजा, दोघींची छाती 38. एकीची वरची छाती, म्हणजे काखेतून टेप वर नेऊन घेतलेला घेर, 34 आणि दुसरीची 36. दुसरीला 38 चा नेहमीचा बेत बसतो. पहिलीला तोच दिला तर पाठ ढगळ होते, गळा खांद्यावरून घसरतो आणि मुंढ्याशी, म्हणजे बाही जोडतात त्या काखेच्या गोलाईशी, पुढून चुणी पडते. गळ्याला नाडी लावून हे झाकतात, पण चुणी राहतेच. तिची वरची छाती दुसरीपेक्षा 2 इंच कमी, म्हणून तिचा खांदा, मुंढा आणि पाठ 36 च्या हिशेबाने बेतायची आणि उरलेलं कापड फक्त पुढच्या भागात द्यायचं. तिथे टक (आकार देण्यासाठी शिवलेली टोकदार चुणी) मोठे घेण्यापेक्षा प्रिन्सेस कट (छातीवरून जाणारा उभा जोड) किंवा कटोरी (छातीचा वाटीसारखा वेगळा भाग) बरी, कारण मोठ्या टकाचं टोक वर येतं. हा एक फरक कार्डावर लिहायला लागल्यापासून परत येणारे ब्लाउज खूप कमी झाले.

कुर्ती शिवायला घेतल्यावर उभ्या मापांचं महत्त्व कळलं. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत कुणाचे 14 इंच भरतात, कुणाचे 16. उंची सारखी असली तरी कुर्तीची कंबर एकीच्या पोटावर येते, दुसरीच्या बरगड्यांवर. सीट भारी असेल तर बाजूचा कट सीटच्या सगळ्यात रुंद जागेच्या जरा वर सुरू करायचा आणि तिथे 2-3 इंच सैल ठेवायचं. नाहीतर बसताना कुर्ती वर चढते आणि कटाची शिलाई उसवते. कुर्तीची लांबीही नेमकी त्या रुंद जागेवर संपवू नये. पोट पुढे असेल तर कापड पोटावरून जाताना पुढची कड उचलली जाते, म्हणून पुढची उंची अर्धा ते एक इंच जास्त धरायची. साडीखाली अशांना गोल परकरापेक्षा सहा कळ्यांचा (वर अरुंद, खाली रुंद अशा सहा पट्ट्या जोडलेला) परकर चांगला बसतो. नाडीची गाठ मात्र बाजूला हवी, निऱ्यांखाली नको.

पुढे परदेशातल्या मराठी बायकांकडून लग्नसराईची कामं यायला लागली. त्यांना घरीच मापं घ्यायला सांगतो. कमरेला नाडी बांधा आणि बाजूला वाका. घडी पडते तिथे कंबर. सीट साधारण त्याखाली 7 ते 9 इंचांवर येते, पण आरशात बघून सगळ्यात रुंद जागाच धरा. नव्या ब्लाउजखाली जी ब्रा घालणार तीच माप देताना घाला. टेप जमिनीला समांतर ठेवा, आत एक बोट जाईल इतकी सैल. कापडी टेप वापरून ताणली जाते, म्हणून आधी स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा. दोन्ही खांदे वेगळे मोजा; एक पाव ते अर्धा इंच खाली असणं अगदी नेहमीचं आहे. पैठणीचं किंवा खणाचं कापड असेल तर आधी मांजरपाटाचा कच्चा ब्लाउज शिवून पाठवतो. मांजरपाट धुऊनच कापायचा, नाहीतर आटून सगळा हिशेब चुकतो.

रेडीमेड कपड्यांच्या दुरुस्तीचं कामही आता बरंच येतं. असे कपडे घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, की जो भाग सगळ्यात भारी, त्याच्या मापाचं घ्या. बाजू आणि कंबर आत घेता येते. खांदा कमी करायचा तर बाही उसवून मुंढा नव्याने कापावा लागतो, आणि मोठं करायचं म्हटलं तर आत बहुतेक वेळा माया, म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड, सोडलेलीच नसते.