आमची वाटचाल : बातमी आधी प्रेसमध्ये येते

दुसऱ्यांच्या ‘आमची वाटचाल’ आम्ही पुष्कळ छापल्या. पतसंस्थांच्या अहवालांत, शाळांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकांत, दूध संघाच्या माहितीपत्रकात. प्रत्येकीत सुरुवातीला एक इवलंसं रोपटं असतं आणि शेवटी त्याचा वटवृक्ष झालेला असतो. आमच्या प्रेसचा वटवृक्ष काही झालेला नाही. १९७७ साली, आणीबाणी उठली त्या वर्षी, माझ्या सासऱ्यांनी म्हणजे अण्णांनी बाजारपेठेतल्या ज्या दोन खोल्यांत सुरुवात केली, त्याच दोन खोल्यांत आम्ही अजून आहोत. मशिनं बदलली आणि गल्ल्यावर आता मी बसते, एवढंच.

तरी लिहायला बसले, कारण तालुक्याच्या गावात प्रेस चालवणाऱ्याकडे एक गोष्ट असते जी दुसऱ्या कुठल्या दुकानात नसते. कुणाचं लग्न ठरलं हे भटजींच्या खालोखाल आम्हाला कळतं. कुणाचं मोडलं, हेही. दुकानाची वास्तुशांत असते तेव्हा पत्रिका आम्ही छापतो, आणि तेच दुकान बंद पडलं की उरलेली कोरी बिलबुकं ‘पाठकोरी म्हणून वापरा’ म्हणत मालक आमच्याच काउंटरवर आणून ठेवतो. बातमी आधी आमच्याकडे येते. ती आपल्यापाशी किती वेळ ठेवायची आणि कशी, हा या धंद्यातला खरा भाग. शाई, कागद वगैरे शिकता येतं.

अण्णांनी सुरू केलं तेव्हा पायाने चालवायचं एक सेकंडहँड ट्रेडल छपाई मशीन, शिशाचे खिळे म्हणजे सुटी अक्षरं, आणि ती जुळवणारा एक खिळेजुळारी, एवढंच भांडवल होतं. कागदाची रिमं पुण्याहून एसटीच्या टपावर यायची. कंडक्टर ओळखीचे. पावसाळ्यात गाडी स्टँडवर न नेता थेट प्रेसच्या दारात मिनिटभर उभी करायचे, म्हणजे रीम भिजायला नको. पॅसेंजर कुरकुर करायचे, पण त्यांतल्या निम्म्यांच्या घरच्या पत्रिका आमच्याकडेच छापलेल्या, त्यामुळे फार नाही.

जुळारी काका अण्णांपेक्षा वयाने मोठे. डाव्या हातात स्टिक म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजवा हात केसवर, म्हणजे खिळ्यांच्या खणांवर. न बघता ळ उचलायचे, न बघता ज्ञ. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, ओळ उलटी वाचावी लागते. काका तशी ती सुलट वाचण्याच्या वेगाने वाचायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली, ती अशी की लग्नसराईत सगळ्यात आधी श्री संपतात. खरंच होतं ते. आपल्याकडच्या पत्रिकेत वरच्या गणपतीपासून खालच्या कार्यवाहकांपर्यंत श्रीच श्री. एका वेळी दोन पत्रिका जुळवायला घेतल्या की दुसरीला श्री पुरायचे नाहीत. मग पहिलीचा फर्मा म्हणजे जुळवून बांधलेला मजकूर मशीनवरून उतरेपर्यंत काका थांबायचे, त्यातले श्री काढून धुवायचे आणि दुसऱ्या लग्नाला लावायचे. एकाच खिळ्याने गावातल्या दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांना मान दिला, हे त्या पुढाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

काकांजवळ पंचांग कायम असायचं. मजकूर आला की आधी तारीख, वार आणि तिथी जुळतात का बघायचे. लोक गडबडीत असतात, तारीख नव्या कॅलेंडरातली आणि वार जुन्या. अशा किती वरातींचं हसं काकांनी टाळलं असेल, त्याची मोजदाद नाही.

पत्रिकेत खाली ‘चिमुकल्यांची किलबिल’ असते. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ आणि त्याखाली पोरांची नावं. काका ही ओळ सगळ्यात शेवटी जुळवायचे आणि यादी आणणाऱ्याला विचारायचे, “घरातलं कुणी राहिलं नाही ना?” एकदा एका घरची यादी आली. त्या घरात वारलेल्या बहिणीची मुलगी राहायची, तिचं नाव त्यात नव्हतं. काकांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, “ओळ जरा आखूड पडतेय, अजून एक नाव असतं तर बरी भरली असती.” यादी आणणारा घुटमळला, मग त्याने स्वतःच ते नाव सांगितलं. ओळ आखूड बिखूड काही नव्हती. ती मुलगी परकराच्या ओच्यात पत्रिका घेऊन शाळेत सगळ्यांना दाखवत होती, असं नंतर तिच्या बाईंनीच आम्हाला सांगितलं.

मोडलेल्या लग्नाचंही सांगते. पत्रिका छापून, गठ्ठे बांधून तयार होत्या आणि मुलीचे वडील संध्याकाळी आले. त्यांनी काही बोलायच्या आत अण्णांना कळलं होतं. अण्णांनी चहा मागवला, पैशाचा विषय काढू दिला नाही. ते गेल्यावर मला वाटलं, आता हे गठ्ठे रद्दीत जातील. आमची रद्दी भेळवाले, दाणेवाले नेतात. वाया गेलेली हँडबिलं पुड्या बांधायला चांगली पडतात. अण्णांनी ते गठ्ठे कटिंग मशीनवर घेतले आणि माप लावून असे कापले, की प्रत्येक पत्रिकेत पातं मुलीच्या नावातून गेलं. मग आडवे पुन्हा. बोटभर रुंदीचे तुकडे झाले तेव्हा कुठे ते पोत्यात भरले. “शेंगदाण्याच्या पुडीवर पोरीचं नाव फिरायला नको,” एवढंच म्हणाले. पुढे त्या मुलीचं दुसरीकडे लग्न ठरलं, पत्रिका आमच्याकडेच आली, आणि अण्णांनी पहिल्याचे पैसे त्या बिलातही धरले नाहीत.

दशक्रियेच्या पत्रांचा आमच्याकडे वेगळा रिवाज आहे. ते काम रात्री-बेरात्री येतं आणि थांबत नाही. पूर्वी ती पोस्टकार्डावर छापायची. वाचून झालं की फाडून टाकायचं पत्र, त्यामुळे बाकी प्रेसवाले त्यावर फार जीव टाकायचे नाहीत. अण्णा मात्र त्याचं प्रूफ दोनदा वाचायचे. पैसे तेरावा होईपर्यंत मागायचे नाहीत, आणि कुणी आणून दिलेच तर टेबलावर ठेवायला सांगायचं, हातात घ्यायचे नाहीत. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. आमचा ऑपरेटर नवा आला तेव्हा त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं, बघून शिकला.

निवडणुकीचं काम मात्र रोखीने. १९७८ च्या विधानसभेला अण्णांनी हँडबिलं उधार छापली आणि त्यांना ज्ञान झालं की पडलेला उमेदवार तोंड चुकवतो आणि निवडून आलेला भेटतच नाही. शिवाय लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमाप्रमाणे पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता घालावा लागतो, प्रकाशकाचं निवेदन दोन ओळखीच्या माणसांच्या सह्यांनिशी घ्यावं लागतं. या सह्यांच्या वेळीच मी ॲडव्हान्सही घेते. कायद्याचा असाही उपयोग होतो.

संगणक आमच्याकडे माझ्यामुळे आला, हे मी न लाजता सांगते. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाला, मी गावातल्या पहिल्या काही बॅचमधली. घरातली सून कोर्सला जाते म्हणून शेजारी नवल झालं. अण्णांनी दुपारचं दुकान स्वतः सांभाळलं. मग पानं जुळवायचं पेजमेकर, मराठी अक्षरांचं श्रीलिपी, छपाईला मिनी ऑफसेट मशीन. शिवकाशीहून येणाऱ्या रंगीत पत्रिकांचे अल्बम. काका माझ्या शेजारी खुर्ची टाकून प्रूफ वाचायचे आणि म्हणायचे, “सुलटं अक्षर वाचायला त्रास होतो गं.”

खिळे शेवटी किलोवर गेले. शिसं ते, भंगारवाल्याने भाव बरा दिला. आत जड पोती ओढल्याचा आवाज येत होता आणि काका बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसले होते. ते ट्रेडल मात्र आम्ही ठेवलं, आणि बरं झालं ठेवलं. भारनियमनाच्या दिवसांत ऑफसेट दिवसदिवस गप्प असायचं. नंबर घालायचं, पावती फाडायच्या रेघेवर भोकं पाडायचं (पर्फोरेशनचं) काम पायाने ट्रेडल मारून चालायचं. गणपती मंडळांची पावतीपुस्तकं अंधारात मेणबत्तीवर पुरी केलीत आम्ही.

नोटाबंदीचा काळ या गावात आमच्याइतका कुणी जवळून पाहिला नसेल. ८ नोव्हेंबर २०१६, लग्नसराई तोंडावर. लग्नघराला बँकेतून अडीच लाख काढायची सवलत मिळाली, पण पुराव्यांत लग्नपत्रिका जोडायची होती. एरवी पत्रिका पहिली देवापुढे ठेवतात. त्या महिन्यात ती मॅनेजरपुढे ठेवली गेली. लोकांकडे पत्रिकेचे पैसे द्यायला पैसे नव्हते आणि पत्रिका असल्याशिवाय पैसे मिळत नव्हते. आम्ही सगळ्यांना उधार छापून दिलं. पुढच्या वर्षी जुलैत जीएसटी आला, गावातल्या प्रत्येक दुकानदाराला नवी बिलबुकं लागली, आणि आधीच्या सीझनची तूट त्यात भरून निघाली.

त्याच दरम्यान अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. ऐन वैशाखात. मी दवाखान्यात, यजमान दवाखान्यात, आणि प्रेसमध्ये कामांचे ढीग. रस्त्यापलीकडच्या प्रेसवाल्यांशी आमची तीस-पस्तीस वर्षांची चुरस. अण्णा आणि ते समोरासमोर आले तर नमस्कार व्हायचा, पण हसू नाही. ते तिसऱ्या दिवशी किल्ली मागायला आले. आमच्या सगळ्या ऑर्डरी त्यांनी त्यांच्या मशीनवर काढल्या, खाली मुद्रक म्हणून आमच्याच प्रेसचं नाव घातलं, आणि हिशेब वहीत लिहून कागदाचे तेवढे पैसे घेतले.

उधारीची वही त्या महिन्यात आपोआप पातळ झाली. मागायला कुणी गेलं नाही. लोक दवाखान्याच्या व्हरांड्यात यायचे, अण्णांची चौकशी करायचे आणि जाताना यजमानांच्या खिशात काहीतरी कोंबायचे. एका म्हाताऱ्याने दिलेले पैसे कशाचे ते आम्हाला वहीत सापडेनात. विचारलं तर म्हणाले, थोरल्या मुलाच्या लग्नाचे राहिले होते. थोरल्याचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता.

अण्णा त्यातून बरे झाले, दोन वर्षं खुर्चीत बसून प्रूफं वाचली, मग गेले. काका त्यांच्या आधी सहा महिने. दोघांचीही पत्रं आमच्याकडेच छापली, प्रूफ दोनदा वाचून.

करोनात दोन्ही प्रकारची कामं बंद पडली. मार्च २०२० मध्ये छापून ठेवलेल्या पत्रिका कपाटात तशाच राहिल्या. एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास, पत्रिका कुणाला द्यायची? दशक्रियेला कुणी जमायचंच नाही, तर तीही पत्रं थांबली. मग मी घरून मोबाइलवर पाठवायच्या निधनवार्ता करून द्यायला लागले. पैसे घेतले नाहीत, घेण्यासारखी वेळ नव्हती. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचा एकटीचा फोटोच नसतो. एका मुलाने आईचा म्हणून जो फोटो पाठवला, तो कुणाच्या तरी लग्नातला, वीस माणसांचा. आई मागच्या रांगेत, अर्धवट. मी तिला कापून बाजूला काढली, मागची माणसं पुसली, पदर सारखा केला. खांद्यावर एक लहान हात उरला, नातीचा. तो पुसायला अवघड नव्हता. मुलाला फोन केला, काढू का म्हणून. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग म्हणाला, “राहू द्या वहिनी.” तो हात तसाच ठेवून फोटो गेला. वर्षश्राद्धाच्या फ्लेक्सवरही आहे.

आता पत्रिका कमी निघतात. देवाला, मामाला, पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्यांना म्हणून पन्नास-शंभर छापतात, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. धंदा फ्लेक्स, बिलबुकं आणि झेरॉक्सवर चालतो. कातरण अजून फुकट देतो. दिवाळीच्या आधी आकाशकंदिलांसाठी पोरं रांग लावतात. उरलेल्या कागदाच्या रफ वह्या जूनमध्ये झेडपीच्या शाळेत जातात.

एक गोष्ट मी कडक केली आहे. वधूच्या वयाची शंका आली तर शाळेचा दाखला बघितल्याशिवाय मजकूर घेत नाही. २००६ च्या कायद्यात असं लग्न लावणाऱ्यालाही शिक्षा आहे, हे शांतपणे सांगते. पूर्वी असं गिऱ्हाईक उठून समोरच्या प्रेसमध्ये गेलं असतं. आता मी आधी समोर फोन करते.

तुळशीचं लग्न लागलं की गर्दी होते, तेव्हा मजकूर दिवाळीतच आणलेला बरा. मानपानाची नावं कुणाच्या खाली कुणाचं, ते घरी भांडून पक्कं करून या. प्रेसमध्ये भांडायला जागा नाही, दोनच खोल्या आहेत. किलबिलची यादी मात्र मुलांसमोर लिहा.